एका मामा तलावाचा गाळ मोजताना: सहाव्या सत्रातील चार विद्यार्थ्यांचे संशोधन

पार्श्वभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून जास्त मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात मुख्यतः कोहळी समाजाने ते बांधले, मालगुजारांनी, म्हणजे जमीनमहसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांनी सांभाळले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. पाणी धानाला, मासे ढीवरांना (मासेमार समाजाला) आणि गाळ शेताला, अशी जुनी विभागणी होती. त्यातले गाळ काढण्याचे काम मालकी बदलल्यावर हळूहळू सुटत गेले. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे ते पुन्हा सुरू झाले आहे. आता हे काम जेसीबीने होते, आणि जेसीबी दोन दिवसांत जे करतो ते पुढच्या वीस वर्षांत भरून निघत नाही.

हे प्रकरण अशाच एका तलावाचे आहे. गाव धान पट्ट्यातले, तलाव पूर्ण भरल्यावर सुमारे ६.२ हेक्टर. तेथून २३ किलोमीटरवर तालुक्याच्या ठिकाणी एक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या सिव्हिल शाखेच्या सहाव्या सत्रातील चार विद्यार्थ्यांनी, दोन मुली आणि दोन मुलांनी, एका सहायक प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली हे काम केले. गाव, महाविद्यालय आणि माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

अडचण काय होती

चौघांनाही उन्हाळ्यात संशोधनाचा अनुभव घ्यायचा होता. फेब्रुवारीत त्यांनी चौकशी सुरू केली तेव्हा बऱ्याच वाटा बंद झालेल्या होत्या. देशातील तीन विज्ञान अकादमींची मिळून जी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, तिचे अर्ज हिवाळ्याच्या तोंडाशीच भरावे लागतात. आयआयटींच्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी गुण बघतात आणि चौघांपैकी दोघांचे गुण तिथवर पोहोचत नव्हते. नागपूरच्या नीरीत (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) किंवा व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत कुणी थेट घेईल का, म्हणून ई-मेल पाठवले. एका ठिकाणाहून उत्तर आले, पण राहण्याचा दोन महिन्यांचा खर्च स्वतःचा होता. तो घरून निघणारा नव्हता.

ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांत ही स्थिती नेहमीची आहे. माहिती उशिरा पोहोचते, आणि पोहोचते तेव्हा ती शहरात राहण्याची ऐपत गृहीत धरून लिहिलेली असते. हाताशी उरते ते शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट. त्यात राख मिसळलेल्या काँक्रीटचे ठोकळे सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडायचे, जुन्या अहवालातले आलेख नव्या आकड्यांनी भरायचे, किंवा नागपुरातल्या दुकानातून तयार प्रोजेक्टच विकत आणायचे.

समोर असलेले पर्याय

मार्गदर्शकांनी चौघांना बसवून चार पर्याय फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवला: आपल्याकडे जी उपकरणे आणि जेवढा वेळ आहे, त्यात याचे खरे उत्तर निघेल का?

पहिला पर्याय म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत थांबून शिष्यवृत्तीला अर्ज करणे. तोवर मुले शेवटच्या वर्षाला पोहोचली असती आणि बऱ्याच योजना त्यांच्यासाठी बंद झाल्या असत्या. दुसरा पर्याय काँक्रीटचा. तो सुरक्षित होता, पण त्यात विचारण्यासारखा प्रश्न कोणालाच सापडेना. तिसरा, उपग्रह चित्रांवरून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत तालुक्यातल्या सगळ्या तलावांचे क्षेत्रफळ वर्षागणिक काढणे. हा पर्याय वाईट नव्हता. मोफत चित्रे मिळतात, संगणक पुरतो. अडचण एवढीच की क्षेत्रफळ कळते, खोली कळत नाही. बेशरमीने आणि कमळाने झाकलेले पाणी चित्रात जमिनीसारखे दिसते, आणि पडताळणीला शेवटी तलावावर जावेच लागते.

चौथा पर्याय एकाच तलावाचा. गावच्या सरपंचांनी महाविद्यालयाकडे आधीच विचारणा केली होती: मेमध्ये गाळ काढायचा आहे, किती निघेल? महाविद्यालयांना गावांशी जोडणाऱ्या उन्नत भारत अभियानात सहभागी असल्याने गावाशी ओळख होती. हाच पर्याय निवडला. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, कारण उत्तराची वाट बघणारे माणूस समोर होते आणि तारीखही ठरलेली होती.

प्रश्न लहान करणे

विद्यार्थ्यांचा पहिला मसुदा ‘पूर्व विदर्भातील मामा तलावांचे पुनरुज्जीवन’ असा होता. त्यात पाण्याची गुणवत्ता होती, मत्स्यव्यवसाय होता, सिंचन होते, सामाजिक सर्वेक्षण होते. मार्गदर्शकांनी तो तीन वेळा परत केला. शेवटी उरले ते असे: या तलावात गाळ कुठे आणि किती आहे, आणि किती खोल खोदले तर तळाचा चिकणमातीचा थर शाबूत राहील?

दुसरा भाग महत्त्वाचा. जुन्या तलावाचा तळ म्हणजे नुसती जमीन नव्हे. मुरमावर चिकणमातीचा थर बसलेला असतो आणि पाणी तोच धरून ठेवतो. वरचा गाळ काढताना हा थर फोडला तर साठवण कागदावर वाढते आणि पाणी डिसेंबरातच आटते.

पाण्याच्या तपासण्या सोडून देताना दोघे नाराज होते. पण महाविद्यालयाच्या पर्यावरण प्रयोगशाळेतले इन्क्युबेटर बंद होते आणि नमुने वेळेत थंड ठेवून आणण्याची सोय नव्हती. मृदा प्रयोगशाळा मात्र बरी होती. हायड्रोमीटर, अ‍ॅटरबर्ग मर्यादांची साधने, कोअर कटर आणि पडत्या पाणीपातळीचे पारगम्यता यंत्र (मातीतून पाणी किती वेगाने झिरपते ते मोजणारे), सगळे चालू. प्रश्न या उपकरणांच्या कपाटाकडे बघून ठरला, आणि तसाच ठरायला हवा.

परवानग्या, वेळापत्रक आणि खर्च

तीन पत्रे लागली. ग्रामपंचायतीचे, तलावाची मालक म्हणून जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाचे, आणि मासेमारीचा ठेका असलेल्या ढीवर सहकारी संस्थेचे. तिसरे पत्र कुणी मागितले नव्हते. मार्गदर्शकांनी आग्रहाने घेतले, आणि पुढे संस्थेनेच डोंगा दिला, सोबत दोन माणसे दिली. पालकांची लेखी संमती महाविद्यालयाने मागितली.

मेच्या मध्यापासून परीक्षा, १० मेपासून जेसीबी, १ मे रोजी ग्रामसभा आणि मध्य जूनला पाऊस. या चार तारखांमध्ये क्षेत्रकामाला एप्रिलचा दुसरा पंधरवडाच उरत होता. पहाटेची एसटी नसल्याने जिल्हा परिषद शाळेची सुट्टीत रिकामी असलेली खोली मिळवली. मुलींची राहण्याची सोय अंगणवाडी सेविकेच्या घरी झाली. काम सकाळी ६ ते १०. त्यानंतर ऊन सोसत नाही, आणि तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरू लागते. पातळ्या मोजण्याच्या दुर्बिणीत समोरच्या पट्टीवरचे आकडे नाचतात आणि ४० मीटरच्या पुढचे वाचन भरवशाचे राहत नाही.

खर्च ११,२५० रुपये झाला. प्रवास ४,१००, डोंगा आणि मदतनीस ३,६००, वेल्डरकडून करून घेतलेला १०० मिलिमीटर व्यासाचा हात-ऑगर (जमिनीत फिरवून माती वर काढणारा गिरमिट) २,२००, रसायन ७००, आणि पाणीपातळीच्या पट्टीसाठी लाकूड व रंग ६५०. महाविद्यालयाने ८,००० दिले, उरलेले मुलांनी भरले. एवढ्या रकमेसाठीही मंजुरीला पाच आठवडे गेले, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

पातळ्या घेणे

मोबाइलच्या जीपीएसवर उंची घ्यावी, असे एकाचे म्हणणे होते. त्यात उभ्या दिशेची चूक काही मीटरची असते आणि इथे गाळच अर्धा मीटर. म्हणून ऑटो लेव्हल (आडवी दृष्टिरेषा देणारी दुर्बीण) आणि आकडे लिहिलेली उभी पट्टी. सर्वेक्षण विभागाचा पक्का संदर्भबिंदू जवळपास नव्हता. सांडव्याच्या दगडी माथ्याला १००.००० मीटर मानून काम सुरू केले. घनफळाला सापेक्ष पातळी पुरते. समुद्रसपाटीपासूनची उंची शोधत बसण्यात आठवडा गेला असता. दुसरी खूण शाळेच्या व्हरांड्याच्या पायरीवर केली, म्हणजे सांडव्याचा दगड हलला तरी काम वाया जाणार नाही.

पाळीभोवतीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाभोवतीच्या १.१ किलोमीटरच्या फेरीत सुरुवातीच्या बिंदूवर परत आल्यावर पहिल्यांदा ४१ मिलिमीटरचा फरक आला. साध्या तलमापनाला २४ गुणिले किलोमीटरचे वर्गमूळ, म्हणजे इथे सुमारे २५ मिलिमीटर चालतो. मुलांना तो फरक सगळ्या बिंदूंवर वाटून टाकायचा होता. मार्गदर्शकांनी दोन खुंट्यांची चाचणी करायला लावली, म्हणजे उपकरणाची दृष्टिरेषा खरोखर आडवी आहे का ते तपासायला लावले. ५० मीटरला १२ मिलिमीटर दृष्टिरेषा वर जात होती. काही ठिकाणी मागची नजर २० मीटरवर आणि पुढची ७० मीटरवर घेतल्याने ही चूक साठत गेली होती. उपकरण दुरुस्त केले, दोन्ही नजरा सारख्या अंतरावर ठेवल्या, फरक ९ मिलिमीटरवर आला. फरक वाटून टाकला असता तर उपकरणातला दोष पुढच्या प्रत्येक बिंदूत शिरला असता.

तळावर २० गुणिले २० मीटरची चौकट आखली. १४८ बिंदू झाले, त्यातले २१ मधल्या डोहात. कोरड्या भागात काम भराभर झाले. चिखलाच्या भागात मात्र पट्टी रुतत होती आणि ते पहिल्या दिवशी लक्षात आले नाही. डोंग्यावरच्या म्हाताऱ्या ढीवराने पट्टी धरलेल्या मुलीला सांगितले, “काठी गाळात चालली ना पोरी, तळ कुठं लागला अजून?” पट्टीखाली १५ सेंटिमीटर चौरस लोखंडी पत्रा जोडून तेच बिंदू पुन्हा घेतले. फरक ८ ते १२ सेंटिमीटर निघाला. तलावाच्या ६२,००० चौरस मीटरवर १० सेंटिमीटर म्हणजे ६,२०० घनमीटर. त्या दिवसाचे सगळे बिंदू वहीत खोडून पुन्हा मोजले. खोडलेले आकडे मात्र वाचता येतील असे ठेवले. परीक्षकांना पुढे ती पाने फार आवडली.

गाळ कुठे संपतो

गाळाचा वरचा पृष्ठभाग मोजणे सोपे, खालचा शोधणे अवघड. ३८ बिंदूंवर ऑगर टाकला. एका बिंदूला सरासरी वीस मिनिटे. सुरुवातीला खूण रंगाची होती: वर काळसर, खाली पिवळट, म्हणजे तिथे गाळ संपला. पण मागच्या पिढ्यांनी काही ठिकाणी गाळ काढून पुन्हा माती पसरली होती. तिथे काळ्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा काळा लागायचा.

तीन ठिकाणी दीड मीटर खोल खड्डे हाताने खणले आणि उभा छेद नीट बघितला. गाळ ओल्या हाताला मऊ लागतो, त्यात कुजलेल्या काड्या आणि शिंपल्यांचे तुकडे असतात, आणि बोटाने दाबला की तो सहज दबतो. मूळचा थर घट्ट, ढेकूळ फुटताना त्याचे चकचकीत पापुद्रे निघतात, आणि मधूनमधून चुनखडीचे खडे. ऑगरमधल्या मातीची ओळख या खड्ड्यांशी ताडून ठरवली. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न सांगता तोच नमुना बघून गाळाची जाडी लिहायची असे ठरवले होते. ३८ पैकी ६ ठिकाणी मतभेद झाला आणि तिथे ऑगर पुन्हा टाकला.

प्रयोगशाळेत एक घोळ झाला. तळाच्या चिकट मातीत हायड्रोमीटरने (कण पाण्यात किती वेगाने खाली बसतात त्यावरून त्यांचा आकार सांगणाऱ्या साधनाने) चिकणमातीचा अंश १८ टक्के दाखवला. हाताला लागणारी माती आणि हा आकडा यांचा मेळ बसत नव्हता. कारण सापडले: घाईत नमुना विरघळक द्रावणात तासभरच भिजवला होता. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट ३३ ग्रॅम आणि सोडियम कार्बोनेट ७ ग्रॅम एक लिटर पाण्यात, त्यातले १०० मिलिलिटर घेऊन रात्रभर भिजवले, मग यंत्राने घुसळले. अंश ४६ टक्के आला. कण एकमेकांना चिकटून राहिले तर ते मोठ्या कणांसारखे लवकर खाली बसतात आणि चिकणमाती गाळवट मातीसारखी दिसते. अशा वेळी हाताचा अनुभव आकड्याला आव्हान देऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना दाखवण्याची याहून चांगली संधी मिळत नाही.

१ मेची ग्रामसभा

इथे खरा पेच आला. घनफळाचा हिशेब कच्चा होता. पारगम्यतेची चाचणी अपुरी होती, कारण चिकणमातीचा नमुना पूर्ण भिजायलाच कित्येक दिवस लागतात. आणि दहा दिवसांनी जेसीबी येणार होता. ग्रामपंचायतीचा बेत सरसकट दोन मीटर खोदण्याचा होता.

एका विद्यार्थिनीचे म्हणणे होते की अपुरे निष्कर्ष सांगू नयेत; चुकलो तर गाव पुन्हा दारात उभे करणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, डिसेंबरात अहवाल देऊन उपयोग काय? दोघांचेही बरोबर होते. मार्ग असा निघाला की ज्या गोष्टींची खात्री आहे तेवढ्याच सांगायच्या, आणि कशाची नाही तेही सांगायचे. एका पानाचा नकाशा केला, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘तात्पुरता’ लिहिले, आणि तीन वाक्ये मांडली. पाळीच्या आतल्या पायथ्यापासून १५ मीटरपर्यंत खोदू नका, तिथे गाळ जेमतेम २५ सेंटिमीटर आहे. नाल्याच्या तोंडाकडच्या भागात गाळ ८० सेंटिमीटर ते १.१ मीटर आहे; ८० सेंटिमीटरपर्यंत खोदा आणि घट्ट पिवळी माती दिसली तर त्याआधीच थांबा. मधला डोह सोडा.

तिसरे वाक्य मोजमापातून आले नव्हते, ते ढीवर संस्थेचे होते. मे महिन्यात मासे त्या डोहातच तग धरतात आणि कमळाचे कंदही तिथेच उरतात. ते आपल्या नकाशावर घ्यावे का, यावर चर्चा झाली. नकाशावर घेतले, पण कोणी सांगितले तेही लिहिले.

सभेत शेतकऱ्यांचा विरोध झाला, कारण पाळीजवळचा गाळ नेणे सोयीचे होते. तिथल्या खड्ड्यातला घट्ट मातीचा ढेकूळ सोबत नेला होता. तो हातोहात फिरला. हे शेतात टाकले तर पऱ्हे (धानाची रोपे) जळतील, असे दोघातिघांनी स्वतःच म्हटले, आणि ठराव झाला.

खोदकाम आणि फेरमोजणी

हद्द चुन्याच्या रेघेने आखली होती. ट्रॉल्यांच्या चाकांनी ती पहिल्याच दिवशी पुसली गेली. मग बांबू आणि लाल झेंड्या लावल्या. खोली तपासायला ८० सेंटिमीटरवर रंग मारलेली काठी जेसीबीच्या मदतनीसाकडे दिली. दिवसा हे चालले. विद्यार्थी परीक्षेला गेल्यावर दोन रात्री काम झाले, रात्री झेंड्या दिसल्या नाहीत, आणि ट्रॉल्यांच्या चढावाजवळचा सुमारे ९०० चौरस मीटरचा कोपरा थेट मुरमापर्यंत खोदला गेला.

परीक्षेनंतर येऊन त्यांनी खोदलेल्या भागाच्या पातळ्या पुन्हा घेतल्या. १.४ हेक्टरमधून ८,१०० घनमीटर गाळ निघाला होता. ग्रामपंचायतीच्या वहीत ट्रॉल्या मोजून ३,६०० ब्रास लिहिले होते, म्हणजे सुमारे १०,२०० घनमीटर. ठेकेदाराचे बिल वहीवर होते, त्यामुळे वाद पेटण्याची चिन्हे होती. जागेवरची घट्ट माती उकरली की फुगते. १०,२०० भागिले ८,१०० म्हणजे १.२६, आणि अशा मातीला हे प्रमाण साजेसे आहे. दोन्ही आकडे खरे होते. हे समजावून सांगणारे अर्धे पान ग्रामसेवकांनी बिलाला जोडले.

तोवर पारगम्यतेचे निकाल आले होते. चिकणमातीतून पाणी सेकंदाला ०.००००००१ सेंटिमीटर या गतीने झिरपते, मुरमातून सेकंदाला ०.००००१ सेंटिमीटर. अर्धा मीटर जाड थरावर दोन मीटर पाणी असेल तर चिकणमातीतून दिवसाला अर्धा मिलिमीटरही जात नाही. मुरूम उघडा पडला तर साडेआठ मिलिमीटर जाते. एक हेक्टर उघडा पडल्यास दिवसाला ८६ घनमीटर. फुटलेल्या ९०० चौरस मीटरच्या कोपऱ्यातून सुमारे ८. कोपरा बुजवायचे ठरले: जवळचीच चिकणमाती, १५ सेंटिमीटरचा एक थर, पाणी मारून वरून ट्रॅक्टर फिरवायचा, मग दुसरा थर. अर्धा कोपरा झाला आणि पाऊस आला.

पावसाळ्यानंतर

सातव्या सत्रात कॅम्पस मुलाखतींचे वर्ग सुरू झाले आणि एका विद्यार्थ्याने इंटर्नशिपसाठी पुणे गाठले. त्याचे नाव अहवालात ठेवावे का, यावर कुरबुर झाली. त्याने घनफळाचे गणित पूर्ण करून पाठवले, म्हणून ठेवले. कोणी काय केले याचा तक्ता अहवालाच्या सुरुवातीला दिला.

सांडव्याजवळ पाणीपातळीची पट्टी बसवली. पाणी सोडणारा माणूस रोज सकाळी आकडा लिहून ठेवायचा. ते आकडे ५ सेंटिमीटरच्या पटीत येऊ लागले, म्हणजे तो अंदाजे लिहीत होता. त्याऐवजी मोबाइलवर फोटो पाठवायला सांगितले आणि वाचन विद्यार्थ्यांनी केले.

नोव्हेंबरात मोरी (तलावातून पाणी सोडण्याचे दार) बंद असताना आणि पाऊस नसताना १६ दिवसांत पाणी १०४ मिलिमीटर उतरले, म्हणजे दिवसाला ६.५. जवळच्या कृषी संशोधन केंद्राकडून बाष्पीभवन पात्राची नोंद घेतली: दिवसाला ४. पात्रातले पाणी तलावापेक्षा जास्त उडते, म्हणून तलावासाठी ०.७ ने गुणून २.८. उरले ३.७. मोरी बंद असूनही गळत होती. २० लिटरची बादली २५ सेकंदांत भरली, म्हणजे दिवसाला ६९ घनमीटर, ५.८ हेक्टर पाण्यावर १.२ मिलिमीटर. तरी २.५ मिलिमीटर, दिवसाला सुमारे १४५ घनमीटर, झिरपत होते. प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून फुटका कोपरा धरूनही याचा पाचवा हिस्सा जेमतेम निघत होता.

यात नवल नाही. प्रयोगशाळेतला नमुना मुठीएवढा असतो. त्यात खेकड्यांची बिळे नसतात, मुळांच्या वाटा नसतात, उन्हाळ्यात पडलेल्या भेगा नसतात. पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसतही होती. विद्यार्थ्यांना ‘खोदकामामुळे गळती वाढली’ असे लिहायचा मोह झाला. खोदण्याआधीची नोंद नव्हती, म्हणून ते वाक्य काढले.

निष्पत्ती

तलावात गाळ ३०,००० घनमीटर निघाला, सहा हजारांनी कमी-जास्त. मूळ साठवणीच्या सुमारे चौथा हिस्सा गाळाने व्यापला होता, आणि काढला गेला त्यातला एक चतुर्थांशाहून थोडा अधिक. आविष्कार या विद्यापीठस्तरीय संशोधन स्पर्धेत काम मांडले, पुढच्या फेरीत निवड झाली नाही. परीक्षकांनी विचारलेला प्रश्न तोच होता: आधीची गळती किती? लघु पाटबंधारे विभागाने पातळ्यांचा तक्ता मागून घेतला. एक विद्यार्थिनी आता गेट या प्रवेशपरीक्षेची तयारी करत आहे आणि तिने पदव्युत्तर शिक्षणासाठी भूजल हा विषय धरला आहे. बाकीचे नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात आहेत.

काय वेगळे करता आले असते

पाणीपातळीची पट्टी आदल्या ऑक्टोबरात बसायला हवी होती. ६५० रुपयांची वस्तू. ती नसल्याने सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर हुकले. सहाव्या सत्रात जागे होणाऱ्या गटाला ते शक्यच नव्हते. म्हणून अशा कामाची सुरुवात दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून व्हावी. त्यांनी फक्त पट्टी बसवायची, फोटो जमवायचे, मोरीची गळती बादलीने मोजायची. तिसऱ्या वर्षी तलमापन, चौथ्या वर्षी विश्लेषण. त्याच दुसऱ्या वर्षात, सप्टेंबरात, शिष्यवृत्त्यांच्या तारखांचा कागद विभागाच्या फलकावर लागावा. हातात एक वर्षाची स्वतःची नोंद असलेला विद्यार्थी अर्जात काय लिहू, म्हणून अडत नाही.

खोदकामाच्या दिवसांत कोणीतरी तिथे हवे होते. परीक्षा टाळता येत नव्हती, पण ठरावातच ‘रात्री खोदकाम नाही’ हे एक वाक्य घालता आले असते. ढीवर संस्थेचे लोक रोज तलावावर असतात. त्यांच्याकडे ८० सेंटिमीटरची काठी दिली असती तर कोपरा कदाचित वाचला असता.

तलावातल्या पारगम्यतेसाठी प्रयोगशाळेबरोबर दुहेरी कड्यांची झिरप चाचणी तळावरच घ्यायला हवी. ३० आणि ६० सेंटिमीटर व्यासाची कडी वेल्डर पत्र्यातून करून देतो. चिकणमातीत ती संथ चालते, कड्यांतले पाणी उन्हाने उडते, म्हणून वर ओले पोते झाकावे आणि शेजारी तळ असलेली तेवढीच बादली ठेवून बाष्पीभवन वजा करावे.

पुढच्या तुकडीतल्या दोघांनी काम उचलले आहे. मोरीच्या दाराला नवे रबर बसवून झाले की गळती पुन्हा मोजायची, उरलेला अर्धा कोपरा मेमध्ये बुजवायचा, आणि नोव्हेंबरातल्या त्याच पंधरवड्याची नोंद दुसऱ्या वर्षी घ्यायची, एवढे त्यांच्या यादीत आहे.